आक्कांचे वय : तुर्भ्यातील तरुणांच्या मदतकार्याचा एक प्रकरण अभ्यास

तुर्भे स्टोअर ही वस्ती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, पाठीशी डोंगर आणि समोर रस्त्यापलीकडे रेल्वे स्थानक अशी वसलेली आहे. येथील जुन्या कुटुंबांपैकी बरीचशी मराठवाडा, सोलापूर आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून आली. काही दगडखाणींवर, काही औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत, तर काही पुढे वाशीच्या घाऊक बाजारात कामाला लागली. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला असला, तरी महसुलाच्या हिशेबाने हा भाग ठाणे तालुक्यातच आहे. म्हणजे नळाला पाणी आले नाही तर तक्रार तुर्भ्यातच करता येते, पण वृद्धापकाळाच्या किंवा निराधाराच्या अनुदानाचा अर्ज पुढे सरकवायचा असेल तर ठाणे गाठावे लागते. ट्रान्स हार्बर लोकलने हा प्रवास अर्ध्या तासाच्या आतला आहे. नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरून पश्चिमेकडे नेणारा पूल चढायला मात्र गुडघे दुखणाऱ्या बाईला जवळपास तेवढाच वेळ लागतो. या प्रकरणातील निम्मे काम त्या पुलावर झाले, असे म्हटले तरी चालेल.

मी सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आणि २०२३ च्या आरंभापासून या तरुणांना कागदपत्रांच्या बाबतीत सल्ला देत आलो आहे. त्यामुळे हा अभ्यास त्रयस्थाचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. संबंधितांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

गटात कधी आठ तर कधी बारा मुले-मुली असतात. वये एकोणीस ते चोवीस. बहुतेक जण कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतील किंवा तुर्भ्यातीलच. गटाला नोंदणी नाही, पदाधिकारी नाहीत. पण काम दोघांच्या शब्दावर चालत आले. त्यांतील एक विधी शाखेत शिकणारी मुलगी, तर दुसरा दुचाकीवर पार्सले पोचवणारा मुलगा, ज्याचे वडील बाजारात माथाडी कामगार होते. हे दोघे शाळेपासूनचे मित्र. पुढे त्यांच्यात जो मतभेद झाला, तोच या प्रकरणाचा गाभा आहे.

सुरुवात इतरांसारखीच झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मजुरांची रोजी थांबली, आणि या मुलांनी बाजारातील ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून कांदे-बटाटे, तांदूळ, डाळ मिळवून वस्तीत शिधा वाटला. त्या वेळी ते आवश्यकच होते. मे महिन्यात खुद्द बाजारच आठवडाभर बंद राहिला, तेव्हा त्यांनी घरातील डबे रिकामे केले, हे मी इतरांकडून ऐकले आहे. टाळेबंदी उठल्यावर उत्साह शिल्लक होता आणि काम नव्हते. म्हणून दर डिसेंबरात चादरी वाटण्याचा कार्यक्रम सुरू झाला. वर्गणी काढायची, होलसेलमध्ये चादरी घ्यायच्या, रात्री निघायचे, फोटो काढायचे. सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क अन्वये परवानगी घ्यावी लागते, हे गणेशोत्सव मंडळांना ठाऊक असते. या मुलांना ते तीन वर्षांनी कळले. मी सांगितल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

जानेवारी २०२३ मध्ये उरलेल्या चादरी वाटताना ते एका खोलीशी पोचले. तेथे राहणाऱ्या बाईंना सगळी वस्ती आक्का म्हणते, म्हणून येथेही तेच नाव ठेवतो. आक्का मूळच्या बीड जिल्ह्यातील. नवरा वारलेला, मुलगा पुण्याकडे, त्याचे येणे-जाणे नाही. बाजारात कांदा निवडण्याच्या कामाला जातात; सडका, कोंब आलेला, दुभंगलेला कांदा बाजूला काढायचा आणि उरलेल्याची प्रत लावायची. त्यांनी चादर घेतली, कोपऱ्यातील प्लास्टिकच्या गोणीकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “लेकरा, आदीच्या तीन तितं हायेत, उशाला घेते. चादर ऱ्हाऊ दे, मला कारड काढून दे.” पार्सले पोचवणाऱ्या मुलाने काढून देतो म्हणून सांगून टाकले. शिधापत्रिका काढणे म्हणजे एखादा फॉर्म भरणे, अशी त्याची समजूत होती.

आठवड्याभरात ती दोघे एका शेजाऱ्याची ओळख सांगत माझ्या घरी आली. फॉर्म चुकीचा होता, जोडलेला रहिवासाचा पुरावा भाडेकरूचा नसून खोलीमालकाचा होता, आणि सर्वांत मोठी अडचण त्यांच्या लक्षातच आली नव्हती. आक्कांचे नाव गावाकडे दिरांच्या शिधापत्रिकेवर होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ खालील प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. तेव्हा आक्कांच्या नावाचे पाच किलो गावी उचलले जात होते. नाव कमी केल्याचा दाखला आल्याशिवाय येथे नवीन कार्ड निघणार नव्हते, आणि दीर आपल्या कार्डावरचा माणूस सुखासुखी कमी करू देणार नव्हते. विधी शाखेच्या मुलीने त्यांना फोनवर कायदा ऐकवला. दिरांनी फोन ठेवून दिला. अखेर चैत्रात गावच्या जत्रेला आक्का स्वतः गेल्या, जावेकडे दोन दिवस राहिल्या आणि दाखला घेऊन आल्या. जावेला त्यांनी काय सांगितले, हे कोणी विचारले नाही. मुलांसाठी तो पहिला धडा होता, पण तेव्हा त्यांना तसे वाटले नाही. काम झाले याचाच आनंद होता.

याच काळात एक चूकही घडली, आणि ती लपवणे योग्य होणार नाही. आक्कांचे पाहून आणखी बायका येऊ लागल्या आणि मुले त्यांची मूळ कागदपत्रे झेरॉक्ससाठी म्हणून स्वतःजवळ ठेवू लागली. एका संध्याकाळी ठाण्याहून परतताना गर्दीत एक पाकीट गाडीच्या रॅकवर राहिले, ते मिळाले नाही. त्यात एका बाईच्या मुलाचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला होता. दोघांनी त्याच रात्री तिच्या घरी जाऊन सांगितले, तिचे बोलणे उभ्याने ऐकून घेतले आणि पुढचे दीड महिने शाळेत खेटे घालून दाखल्याची दुसरी प्रत मिळवली. नोकरीच्या काळात मी गहाळ झालेल्या अनेक नस्त्या (फायली) पाहिल्या आहेत. गहाळ झाल्याचे सांगायला कोणी अर्जदाराच्या दारात गेल्याचे मात्र मला आठवत नाही. त्या दिवसापासून गटाचा नियम झाला की मूळ कागद अर्जदाराच्याच हातात राहील, तोच तो खिडकीवर दाखवील आणि आपण फक्त सोबत जायचे. गटाची वहीही बदलली. तिच्यात पूर्वी ‘काय दिले’ असा रकाना होता, तो खोडून मुलीने ‘कुठवर आले’ असे लिहिले. दुसऱ्या रकान्यात आवक क्रमांक, तारीख आणि पोच मिळाली की नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे मात्र मी त्यांच्या डोक्यात बसवले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवेला मुदत ठरलेली आहे, पण मुदत मोजायची कधीपासून, हे सिद्ध करणारा कागद पोचच असतो.

आक्कांचे कार्ड पावसाळ्यात निघाले. पहिल्या महिन्यात मुलगी त्यांच्यासोबत रेशन दुकानात गेली होती आणि तेथे जे घडले ते तिने मला अनेकदा सांगितले आहे. ई-पॉस यंत्रावर आक्कांचा अंगठा उमटेना. वर्षानुवर्षे कांद्याची साले सोलून आणि त्याआधी खडी फोडून त्यांच्या बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. दुकानदाराने दुसरे बोट ठेवायला सांगितले, मग तिसरे. रांगेत मागून कुरकुर सुरू झाली. आक्कांनी हात पदराला पुसला, तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर मारली आणि डाव्या हाताची करंगळी ठेवली. यंत्राने ती स्वीकारली. तेव्हापासून वहीत आक्कांच्या नावापुढे लाल शाईने ‘डावी करंगळी’ अशी नोंद आहे. ती पुढे बँकेतही उपयोगी पडली.

कार्ड झाल्यावर साहजिकच अनुदानाचा विषय निघाला. वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या निराधार व्यक्तीला जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्जदार किमान पंधरा वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी हवा, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. रहिवासाची चिंता नव्हती. वयाचा प्रश्न मात्र उभा राहिला. आक्कांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९६१ होती. ज्यांना जन्मतारीख सांगता येत नाही अशा लाखो लोकांचा जन्म आधारच्या नोंदीत १ जानेवारीलाच झालेला आहे. आक्कांना त्याबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात दोन पोरं घेऊन खडी फोडली म्या. मग मी अकरा वर्षांची व्हते व्हय?” मी मुलांना जुनी मतदार यादी शोधायला सांगितले, कारण यादीतील वयाचा उतारा या योजनेत वयाचा पुरावा म्हणून चालतो आणि त्याच कागदाने रहिवासही सिद्ध होतो. १९९५ च्या यादीत आक्कांचे वय त्रेचाळीस निघाले. म्हणजे २०२४ मध्ये त्या बहात्तर वर्षांच्या, आणि आधारप्रमाणे त्रेसष्ट.

उत्पन्नाचे काय, हा यापुढचा प्रश्न होता आणि त्याला तसा उतारा नव्हता. महिन्यातून बारा-पंधरा दिवस कांदा निवडून आक्कांच्या हाती चार हजारांच्या आसपास पडत. वर्षाला झाले अठ्ठेचाळीस हजार. शहरी भागात प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेसाठी उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, म्हणून त्या रेशनच्या दुकानात गरीब ठरतात. अनुदानाच्या खिडकीवर त्याच उत्पन्नामुळे गरीब ठरत नाहीत. २१,००० ला बाराने भागले तर महिना १,७५० रुपये येतात. तेवढ्यात तुर्भ्यात खोलीचे भाडेही भागत नाही, तेव्हा ज्याचे खरे उत्पन्न तेवढे आहे तो माणूस तेथे राहूच शकत नाही. वस्तीत कागदपत्रे करून देणारा एक दलाल आहे. त्याच्याकडून गेलेल्या प्रत्येक अर्जावर उत्पन्न वीस हजार लिहिलेले असते आणि त्यासाठी तो पहिल्या हप्त्यातून आपला भाग घेतो.

हे चालू असतानाच जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. एकवीस ते पासष्ट वर्षे वयाच्या महिलेला दरमहा १,५०० रुपये, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही. वस्तीत झुंबड उडाली. गटातील प्रत्येकाच्या मोबाइलवर रात्री बारापर्यंत अर्ज भरले जात होते. पार्सले पोचवणाऱ्या मुलाने एके संध्याकाळी वही उघडून सरळ हिशेब मांडला. आक्कांकडे कार्ड आहे, आधारवर वय त्रेसष्ट आहे, बँक खाते आधारशी जोडलेले आहे. पाच मिनिटांत अर्ज भरता येतो आणि त्यात कोणीही एक अक्षर खोटे लिहिणार नाही.

मुलीने नकार दिला. तिचे म्हणणे असे की आक्का बहात्तर वर्षांच्या आहेत हे सिद्ध करणारा कागद आपणच खटपट करून आणला आहे. तो खिशात ठेवून दुसऱ्या कार्यालयात त्रेसष्टचा कागद पुढे करणे म्हणजे जाणूनबुजून खोटे बोलणे. पुढे कधी वसुली निघाली तर नोटीस आक्कांच्या नावाने येईल. मुलाने विचारले, “तुझ्या खरेपणाची किंमत आक्कांनी का मोजायची?” त्याच्या स्वतःच्या आजीला अनुदान मिळते ते वीस हजारांच्या दाखल्यावरच, हे त्याने त्या दिवशी सर्वांसमोर सांगितले. गट दोन तुकड्यांत बसू लागला. दोन आठवडे वाद चालला. ग्रुपवरच्या संदेशांना उत्तरे येईनाशी झाली.

दोघेही वेगवेगळ्या दिवशी माझ्याकडे आले. कारकून म्हणून माझे मत असे की खिडकीवरचा माणूस समोरच्या कागदावरून निर्णय घेतो, आणि कचेरीच्या नजरेत आधारवरची तारीख दुरुस्त होईपर्यंत तीच तारीख असते. तरीही मुलीचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटला, कारण एकाच माणसाची दोन वये दोन नस्त्यांत फिरू लागली की त्यातून पुढे काय निघते ते मी पाहिले आहे. पण त्या दोघांनाही मी एकच प्रश्न केला, आणि तो मला दोन आठवडे आधी सुचायला हवा होता : आक्कांना विचारले का?

कोणी विचारले नव्हते. खरे मार्ग आणि आडमार्ग यांवर सगळे बोलले होते, पण ज्या बाईचे वय आणि ज्या बाईची कमाई, ती त्या वेळी बाजारात कांदे निवडत बसली होती. रविवारी दोघे तिच्या खोलीत गेले. मुलीने सगळे समजावून सांगितले. वसुलीची शक्यता, वयाची अडचण, एकदा हे पैसे घेतले तर मतदार यादीचा उतारा पुढे वापरता येणार नाही, हेही. आक्कांनी सगळे ऐकून घेतले. दलालाचा मार्ग त्यांनी लगेच नाकारला. “माझी कमाई मी केलीय, ती कमी कशापायी सांगू?” वयाबद्दल मात्र त्यांचे मत वेगळे होते. “वय मी सांगितलं नव्हतं. मशिनवाल्यानं टाकलं. सरकारनं मला ल्हान केली, तर सरकारनंच पैसं द्यावं.” आणि मग मुलीकडे पाहून : “तू नगं भरू, बाई. ह्यो भरंल.”

अर्ज मुलाने भरला. मुलगी तेव्हा तेथेच बसली होती. ओटीपी आला तेव्हा आक्कांचा मोबाइल तिनेच वाचून दाखवला, आणि पुढे त्याबद्दल तिला बरीच चेष्टा सहन करावी लागली. गट फुटला नाही. दोघेजण मात्र त्यानंतर यायचे थांबले, त्यांतील एक नोकरीमुळे आणि एक या वादामुळे. एका कंपनीने सामाजिक निधीतून मदत देऊ केली होती, पण त्यासाठी नोंदणीकृत संस्था आणि तिची कागदपत्रे हवी होती. गटाने तो विषय बाजूला ठेवला. खर्च झेरॉक्सचा आणि लोकलच्या तिकिटांचा आहे आणि तो आपापल्या खिशातून होतो. त्यांनी आतापर्यंत घेतलेल्या निर्णयांत हा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, जरी त्यामुळे काम लहानच राहिले आहे.

आक्कांच्या खात्यात पैसे येऊ लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, सक्तीची झाली आणि तीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. आक्कांचा नवरा वारला तेव्हा आधार नावाची गोष्टच नव्हती. वस्तीतील सगळ्या विधवांची तीच गत झाली. मुलीने या वेळी कोणाला फोनवर कायदा ऐकवला नाही. तिने आक्कांना विचारले, गावाकडे अजून कोण ओळखीचे आहे. जावेच्या मुलाने ग्रामपंचायतीतून मृत्यूची नोंद शोधून उतारा पाठवला.

आता आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे. सडका कांदा हाताला लागतो, पण कोंब आलेला दिसत नाही, म्हणून त्यांना महिन्यातून पाच-सहा दिवसच बोलावणे येते. कमाई खरोखरच घटत चालली आहे. तलाठ्यांकडे (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण तोंडी तलाठीच आहे) जाऊन आक्कांनी स्वतःची आजची कमाई स्वतः सांगायची आणि जो आकडा निघेल तो दाखल्यावर येऊ द्यायचा, असे ठरले आहे. आधारच्या हिशेबाने त्यांना १ जानेवारी २०२६ रोजी पासष्ट पूर्ण होतात. त्या दिवसानंतर लाडक्या बहिणीचे पैसे थांबणार आणि श्रावणबाळाचा दरवाजा उघडणार; मधल्या महिन्यांत काय, हा प्रश्न आहे. ही तारीख वहीत मुलाच्या अक्षरात लिहिलेली आहे. त्याखाली मुलीने दोन ओळी जोडल्या आहेत : ‘डोळ्यांची तपासणी आधी. आक्कांना विचारून.’